ठाणे-नवी मुंबईतून शाश्वत विकासाच्या क्षेत्रात : पदवीधरांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

शाश्वत विकासाच्या क्षेत्रात काम करायचे आहे, असे सांगणारे पदवीधर ठाण्यात, डोंबिवलीत, वाशी-खारघरकडे आता बरेच भेटतात. त्यांत वनस्पतिशास्त्र शिकलेले असतात, बी.कॉम. झालेले असतात आणि चार वर्षे अभियांत्रिकी करूनही तिथे मन न रमल्याने इकडे वळलेलेही असतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणता कोर्स करू?’ हा असतो. प्रश्न रास्त आहे. पण आपल्याला नेमके काय अभ्यासायचे आहे हे ठरलेले नसेल, तर दोन वर्षे आणि काही लाख रुपये खर्चून हाती केवळ मोठमोठ्या शब्दांचा साठा लागतो. म्हणून इथे क्रम जरा वेगळा ठेवला आहे. आधी काम देणारे कोण ते पाहायचे, मग मोजता येण्याजोगा एक प्रश्न निवडायचा, तो आपल्याच जिल्ह्यात जवळून पाहायचा, आणि त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण, शिष्यवृत्ती व परदेशातील नोकरी यांकडे वळायचे. महानगर, औद्योगिक पट्टा, खाडी आणि आदिवासी पाडे हे सगळे लोकल आणि एसटीच्या टप्प्यात असल्याने ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याला हा क्रम विशेष सोयीचा आहे.

पायरी पहिली : काम देणारे कोण, ते ओळखा

शाश्वत विकास ही कल्पना जगभर रुळली ती संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रंटलँड आयोगाच्या १९८७ मधील अहवालामुळे. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २००० ते २०१५ या काळासाठी आठ सहस्रक विकास उद्दिष्टे ठेवली आणि २५ सप्टेंबर २०१५ रोजी, २०३० ही मुदत धरून, १७ शाश्वत विकास उद्दिष्टे आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये स्वीकारली. पहिल्या आठांचा रोख मुख्यतः गरीब देशांवर होता, तर नंतरच्या १७ उद्दिष्टांनी श्रीमंत देशांनाही हिशेब द्यायला लावले. भारतात निती आयोग २०१८ पासून राज्यांची तुलना या उद्दिष्टांच्या आधारे करतो, आणि पंचायत राज मंत्रालयाने तीच उद्दिष्टे नऊ संकल्पनांत बसवून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यापर्यंत आणली आहेत. त्यामुळे मुरबाड तालुक्यातील एखाद्या ग्रामसभेत मंजूर होणारा आराखडा आणि न्यूयॉर्कमध्ये छापला जाणारा अहवाल यांची भाषा, निदान कागदावर तरी, एकच झाली आहे.

या क्षेत्रात पगार देणारे ढोबळमानाने चार गटांत मोडतात. पहिला गट स्वयंसेवी संस्थांचा. दुसरा सरकारी अभियानांचा : राज्यातील ‘उमेद’ हे जीवनोन्नती अभियान, मुख्यमंत्री फेलोशिप, जिल्हा परिषदेतील कंत्राटी पदे. तिसरा कंपन्या आणि सल्लागार संस्थांचा, आणि चौथा संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, जागतिक बँक, आशियाई विकास बँक यांचा. नवखे विद्यार्थी पहिल्या आणि चौथ्या गटाकडेच पाहतात. नवी मुंबईत प्रत्यक्षात तिसरा गट झपाट्याने वाढतो आहे.

त्याचे कारण कायद्यात आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. शिवाय सेबीने आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर नावाचा शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक केले. ऐरोली, महापे, बेलापूर येथील कार्यालयांत या अहवालांसाठी माणसे लागतात. अर्थात हे काम बव्हंशी टेबलावरचे आहे : वीजबिले, पाण्याच्या मीटरची नोंद, कचऱ्याचे वजन, कामगारांची आकडेवारी गोळा करायची आणि ठरलेल्या तक्त्यांत बसवायची. त्यात कमीपणा काही नाही, पण गावोगाव फिरण्याची हौस असणाऱ्याने ही नोकरी धरून वर्षभराने हिरमुसले होऊ नये, एवढ्यासाठी हे आधीच सांगितलेले बरे.

बाजाराची आजची स्थितीही डोळ्यांआड करू नये. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या लहान संस्थांना याचा फटका बसला. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्था बंद केली, तेव्हा जगभर प्रकल्प अर्ध्यावर थांबले आणि अनुभवी माणसे एकदम नोकरीच्या शोधात उतरली. म्हणून कोणत्याही मुलाखतीत संकोच न करता एक प्रश्न विचारावा : माझ्या पदाचा पगार कोणत्या निधीतून येतो आणि तो निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे?

पायरी दुसरी : एक लक्ष्य निवडा आणि त्याची व्याख्या मुळातून वाचा

१७ उद्दिष्टांची रंगीत चौकोनांची तक्ती पाठ करून काही हाती लागत नाही. त्याऐवजी एक लक्ष्य निवडावे आणि ते मोजतात कसे, हे समजून घ्यावे. उदाहरणासाठी सहाव्या उद्दिष्टातील ६.१ घेऊ : २०३० पर्यंत सर्वांना सुरक्षित आणि परवडणारे पिण्याचे पाणी. हे मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त कार्यक्रमाने पायऱ्या ठरवल्या आहेत. पाणी घराच्या आवारात मिळते, हवे तेव्हा मिळते आणि ते जंतूंपासून व घातक रसायनांपासून मुक्त आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती ‘सुरक्षित व्यवस्थापित’ सेवा. संरक्षित स्रोत आहे, घरापासून जाऊन-येऊन, रांगेत थांबण्याचा वेळ धरून, ३० मिनिटांच्या आत पाणी आणता येते, तर ती ‘मूलभूत’ सेवा. त्याहून अधिक वेळ लागला तर ‘मर्यादित’.

आता हीच पट्टी शहापूर तालुक्याला लावून पाहा. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे याच तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप दरडोई दररोज ५५ लिटरचे आहे. त्याच्या संकेतस्थळावर गावनिहाय नळजोडण्यांची संख्या दिसते, पण ६.१ मधील तीन अटींपैकी ‘हवे तेव्हा’ ही अट नुसत्या जोडणीच्या आकड्यात उतरत नाही. सरकारी आकडा खोटा आहे, असा याचा अर्थ नव्हे. आकडा एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि आपण त्याला दुसराच प्रश्न विचारत असतो. हा फरक ओळखता येणे म्हणजे या पेशातील निम्मे काम, असे माझे मत आहे.

पाणी हा विषय नको असेल तर इथे दुसरे पुष्कळ आहेत. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रापासून अभ्यासाला सुरुवात करता येते. तुर्भ्याची कचराभूमी, तळोज्याजवळची कासाडी नदी, भिवंडीचे यंत्रमाग, वाशीच्या बाजार समितीत वाया जाणारा भाजीपाला, सिडकोने १९७० नंतर संपादन केलेल्या जमिनींवरील गावठाणे, असे एकेक विषय एका विद्यार्थ्याला दोन वर्षे पुरतील. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल काढतात. विषय ठरवण्यापूर्वी त्यांतील एक तरी अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा. कंटाळा येईल, पण कोणते तक्ते दरवर्षी तेच छापले जातात, हे कळेल.

पायरी तिसरी : एकाच गावाला वर्षभर जा

एकदा दोन दिवस जाऊन फोटो काढून येण्याला क्षेत्रभेट म्हणतात. त्याने अभ्यास होत नाही. महिन्यातून एक शनिवार-रविवार, पण वर्षभर एकाच ठिकाणी, असे ठरवावे. शहापूरसाठी कसारा किंवा आसनगाव लोकलने आसनगावला उतरायचे आणि पुढे एसटी वा शेअर रिक्षा. मुरबाडसाठी कल्याणहून एसटी. एकट्याने आणि ओळखीशिवाय जाऊ नये. तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेमार्फत किंवा ग्रामपंचायतीला आधी पत्र देऊन जावे. पोहोचल्यावर सरपंचांना भेटणे रीतीचे आहेच, पण आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई यांच्याशी बोलल्याशिवाय गाव समजत नाही, कारण घरोघरची खबर त्यांच्या वहीत असते.

वर्षभर का, याचे उत्तर हंगामात आहे. पावसाळ्यात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत दुपारी बैठक ठेवली तर शेतावर न जाणारी माणसेच येतील. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे फेब्रुवारीत केलेल्या घरोघरच्या पाहणीत त्यांच्या झोपड्यांना कुलूप दिसते आणि अर्जावर ‘घर बंद’ अशी नोंद होते. म्हणजे ज्यांच्यासाठी योजना आखायची, तेच सर्वांत गरीब लोक नमुन्यातून गळतात आणि अहवालातील सरासरी आपोआप सुधारते. हे आपल्याला पाहणीच्या कोणत्याही ग्रंथात वाचता येईल, पण कुलूपबंद झोपडीसमोर उभे राहून वहीत ती नोंद करताना जे कळते ते निराळे.

प्रश्नावली बनवताना असेच भान ठेवावे. ‘तुमच्याकडे नळ आहे का?’ याला ‘हो’ हे उत्तर येईल आणि तिथेच विषय संपेल. त्याऐवजी ‘काल नळाला पाणी आले का? किती वाजता? किती वेळ? किती हंडे भरले? उरलेले कुठून आणले, कोणी आणले?’ असे विचारावे. ‘साधारणपणे’ किती पाणी मिळते असे विचारले की माणसे सभ्यपणाने गोल उत्तर देतात. ‘काल’ विचारले की आठवून सांगतात. घरातला हंडा लिटरच्या बाटलीने एकदा मोजून घ्यावा. तो १५ लिटरचा निघाला तर पाच माणसांच्या घराला ५५ लिटरच्या मापाने दिवसाला २७५ लिटर, म्हणजे अठराहून अधिक हंडे लागतात, हे गणित त्याच अंगणात बसून करता येते. आणि ते ऐकून घरातली बाई हसली, तर ते हसूही वहीत टिपावे. उत्तर देणारा पुरुष असेल तर पाणी भरणाऱ्या बाईला वेगळे विचारावे, कारण ‘किती वेळ लागतो’ याची दोघांची उत्तरे फारच क्वचित जुळतात.

काही पथ्ये पाळायची असतात. माहिती कशासाठी घेतो आहोत ते आधी सांगावे आणि नको म्हणणाऱ्याचे ‘नको’ मान्य करावे. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय घेऊ नयेत. ‘तुमचे काम करून देतो’ असे आश्वासन कधीही देऊ नये. शहरातून आलेल्या, हातात वही असलेल्या माणसाकडून लोक ती अपेक्षा धरतातच. गोळा केलेले निष्कर्ष गावाला परत जाऊन सांगावेत. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. सरपंचांच्या संमतीने त्यांपैकी एखाद्या सभेत दहा मिनिटे मागून घेता येतात. तिथे ‘तुमचा आकडा चुकला’ असे कोणी उठून म्हणाले, तर त्या सुधारणेला कोणत्याही प्राध्यापकाच्या शेऱ्याइतकीच किंमत आहे.

पायरी चौथी : हत्यारे शिका, पण थोडीच

एक्सेल नीट यावे : पिव्हट टेबल, तक्ते जोडणे, चुकीच्या नोंदी शोधणे. मोबाईलवर पाहणी करण्यासाठी कोबो टूलबॉक्स आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही दोन्ही साधने फुकट आहेत आणि महिन्याभरात हाताखाली येतात. ज्याला संशोधनाकडे जायचे आहे त्याने आर ही संगणकभाषा किंवा स्टेटा हे सांख्यिकीचे सॉफ्टवेअर शिकावे. सांख्यिकीत नमुना निवड, सरासरी व मध्यक यांतील फरक आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, एवढे पक्के असले तर सुरुवातीला पुष्कळ झाले. संस्थांमध्ये ‘लॉगफ्रेम’ आणि ‘थिअरी ऑफ चेंज’ हे शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतात. आपल्या कृतीतून अपेक्षित बदल कोणत्या क्रमाने घडेल आणि तो घडला हे कशावरून कळेल, एवढाच त्यांचा आशय आहे, तेव्हा बिचकू नये.

सार्वजनिक आकडेवारी वाचण्याची सवय लावून घ्यावी. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय माहिती मिळते, मात्र ती २०११ ची आहे आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे जुन्या ठाणे जिल्ह्याचे आकडे आजच्या सात तालुक्यांना जसेच्या तसे लावले की हिशेब फसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची पाचवी फेरी जिल्हा पातळीवर उपलब्ध आहे. जे कागद संकेतस्थळावर नाहीत ते माहितीचा अधिकार कायदा २००५ नुसार मागता येतात. अर्ज करण्यापूर्वी संबंधित कार्यालयात जाऊन सरळ विचारून पाहावे, कित्येकदा तेवढ्याने काम होते.

लेखन हे या सगळ्यांहून मोठे कौशल्य आहे आणि तेच बहुतेकांना येत नाही. महिन्याच्या भेटीनंतर एक पान मराठीत आणि तेच एक पान इंग्रजीत लिहायचे, असा नेम ठेवावा. मराठी पान ग्रामपंचायतीला वाचून दाखवता आले पाहिजे आणि इंग्रजी पान जिल्हा पाहिलेला नसलेल्या माणसाला समजले पाहिजे. परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी लागणारे निवेदन, नोकरीच्या मुलाखतीतील उदाहरणे, प्रबंधाचा विषय, हे सगळे पुढे याच पानांतून निघते.

पायरी पाचवी : दुसऱ्या देशांचे अनुभव वाचा

आपला तालुका पक्का झाला की बाहेरचे वाचलेले अंगी लागते. एकच उदाहरण देतो. १९७१ च्या युद्धकाळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचवले. ते पाणी घराघरांत पोहोचवण्याचे काम १९८० च्या दशकात बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने केले. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे ते शिकवले जाई, आणि शिकवणाऱ्या कार्यकर्तीचा मोबदला किती घरे केली यावर नव्हे, तर नंतर तपासनीस गेला तेव्हा आईला किती आठवत होते यावर ठरे. मोबदल्याच्या या एका नियमाने साऱ्या कार्यक्रमाचा रोख बदलला. आता आपल्याकडील एखाद्या योजनेत कार्यकर्त्याला पैसे कशाबद्दल मिळतात, ते शोधून पाहावे. जवळचे उदाहरण हवे असेल तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची जी पद्धत बसवली, ती पुढे देशभरातील आशांच्या कामात कशी आली, याचा अभ्यास करावा.

पायरी सहावी : संस्था निवडताना कागद तपासा

दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव पुढे जवळजवळ सर्वत्र विचारला जातो, त्यामुळे पहिली संस्था विचारपूर्वक निवडावी. पनवेलजवळ तारा येथील युसुफ मेहेरअली सेंटर, खारघरला केंद्र असलेली ‘युवा’, ठाण्यात पर्यावरणावर काम करणारा पर्यावरण दक्षता मंच, अशी ठिकाणे घरापासून जवळ आहेत. फेलोशिपही चांगला मार्ग आहे : एसबीआय युथ फॉर इंडिया १३ महिन्यांची आहे आणि गावात राहून करायची असते, टीच फॉर इंडिया दोन वर्षांची.

संस्था अपरिचित असेल तर निती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील नोंद, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि मागील दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पाहावेत. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती आहे का, मुक्कामाच्या वेळी राहण्याची सोय काय, प्रवासखर्च किती दिवसांनी मिळतो, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण पहिल्या वर्षी स्वतःच्या खिशातून केलेला एसटी-रिक्षाचा खर्च तीन-तीन महिने अडकला की उत्साह कसा आटतो, ते या क्षेत्रातील कोणालाही विचारा.

घरच्यांचा प्रश्न येतोच : ही नोकरी की समाजसेवा? त्यांना दोन्ही बाजूंचे खरे आकडे दाखवावेत. संस्थेतील सुरुवातीचा पगार आयटी कंपनीहून बराच कमी असतो. अनुभव आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर तो वाढतो, पण फ्लॅटचा हप्ता डोक्यावर असलेल्या घरात पहिली तीन वर्षे कशी काढायची, याचा हिशेब घरी बसून कागदावर मांडलेला बरा. तो जमत नसेल तर आधी कंपनीतील शाश्वतता विभागात काम करून मग वळणे, यात गैर काहीच नाही.

पायरी सातवी : मग अभ्यासक्रम

विषय हातात असला की कोर्स आपोआप चाळले जातात. समाजकार्य आणि विकास अभ्यासासाठी देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, जी १९३६ पासून आहे. लोकसंख्या आणि आरोग्य यांच्या आकडेवारीत रस असेल तर देवनारलाच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. अभियंत्यांना तंत्रज्ञान आणि ग्रामविकास यांची सांगड घालायची असेल तर पवईच्या आयआयटीतील ‘सितारा’ हे केंद्र. अर्थशास्त्राचा पाया पक्का असेल तर गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा पुण्याची गोखले संस्था. सहकार आणि ग्रामीण व्यवस्थापन यांसाठी आणंदची इर्मा. परदेशात ‘मास्टर ऑफ डेव्हलपमेंट प्रॅक्टिस’ हा अभ्यासक्रम कोलंबिया विद्यापीठातून सुरू होऊन अनेक देशांत गेला आहे. त्यात आरोग्य, पर्यावरण, समाजशास्त्र आणि व्यवस्थापन असे सारे थोडे थोडे शिकवतात व प्रत्यक्ष क्षेत्रकामावर भर असतो. ज्याला एका विषयात खोल जायचे आहे त्याला तो पातळ वाटेल. ज्याला प्रकल्प चालवायचे आहेत त्याला उपयोगी पडेल. निवड करण्यापूर्वी मागील दोन तुकड्यांतील विद्यार्थी आज कुठे आहेत, ते लिंक्डइनवर शोधून त्यांतील दोघांना तरी थेट लिहावे. माहितीपत्रकापेक्षा त्यांची उत्तरे विश्वासार्ह असतात.

पैशांच्या बाबतीत शिष्यवृत्तीची अट आधी वाचावी, नाव नंतर. ब्रिटनच्या चीवनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. जर्मनीच्या डाड या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांनाही दोन वर्षांचा अनुभव हवा असतो. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडसमध्ये किमान दोन देशांत शिकायला मिळते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपाने साहाय्य देते. अनुभवाच्या अटी लक्षात घेतल्या म्हणजे तिसऱ्या आणि सहाव्या पायरीवरची दोन-तीन वर्षे वाया गेली, असे कोणी म्हणणार नाही.

पायरी आठवी : आंतरराष्ट्रीय पदांसाठी अर्ज

संयुक्त राष्ट्रांच्या पी-२ या सुरुवातीच्या व्यावसायिक दर्जाच्या पदासाठी साधारणतः पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात. जागतिक बँकेच्या यंग प्रोफेशनल्स कार्यक्रमाला वयाची मर्यादा ३२ आहे आणि स्पर्धा अतिशय तीव्र. याहून सोपा रस्ता देशातूनच जातो : भारतातील युनिसेफ, यूएनडीपी (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम) यांच्या कार्यालयांतील सल्लागार पदे आणि संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमातील राष्ट्रीय पदे. कामासाठी कोणी पैसे मागितले, अर्जशुल्क वा व्हिसाखर्च म्हणून खात्यात रक्कम भरायला सांगितले, तर ती फसवणूक समजावी. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत.

मुलाखतीत ‘तुम्ही काय कराल’ यापेक्षा ‘तुम्ही काय केलेत’ हे विचारतात : मतभेद झाला तेव्हा काय केले, आकडे जुळले नाहीत तेव्हा काय केले, आणि त्याचा परिणाम काय झाला. वर्षभराच्या बारा पानांतून अशी सात-आठ उदाहरणे आधीच निवडून, प्रत्येकी दोन मिनिटांत सांगता येतील अशी तयार ठेवावीत. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत काम करण्याची इच्छा असेल तर फ्रेंच आताच सुरू करावी; लॅटिन अमेरिकेसाठी स्पॅनिश. मराठी, हिंदी येते आणि कातकरी बोली थोडी समजते, हेही अर्जात जरूर लिहावे.

वेळापत्रकाविषयी एवढे लक्षात ठेवावे की चीवनिंगचे अर्ज बहुधा ऑगस्टमध्ये उघडतात, इरास्मस मुंडसचे बरेचसे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात भरले जातात आणि देशातील केंद्रीय प्रवेश परीक्षेची नोंदणी हिवाळ्यात होते. विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या मोहोरबंद प्रती मिळायला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज जूनमध्येच टाकावा. शिफारसपत्र देणाऱ्या दोघांपैकी एक प्राध्यापक आणि एक कामाच्या ठिकाणचे वरिष्ठ असावेत, आणि त्यांना मुदतीच्या किमान महिनाभर आधी, आपली दोन-तीन निवडक पाने सोबत जोडून कळवावे.